चार घरांतली जमीन: ‘यूडल’ची पार्श्वभूमी

इंग्रजी शब्दकोडी नेमाने सोडवणाऱ्याला हा शब्द कधी ना कधी भेटतोच. सूत्र असतं ‘ऑर्कनीतला जुना जमीनहक्क’ अशा अर्थाचं, घरं चार आणि उत्तर यू-डी-ए-एल, यूडल. चारांत दोन स्वर असल्याने कोपऱ्यात अडकलेल्या कोडेकाराला तो हाताशी लागतो. सोडवणारे तो पाठ करतात आणि पुढच्या सूत्राकडे वळतात. मला त्याची हळहळ वाटते, कारण त्या चार घरांत एक अख्खी कायदापद्धत आहे.

मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, ‘ओदाल’, म्हणजे कुळाची वडिलोपार्जित जमीन. नॉर्वेहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर आणला. यूडल जमिनीच्या मालकावर कोणी सरंजामदार नसे आणि हक्काला राजाची सनद लागत नसे. ‘स्कॅट’ नावाचा कर मात्र भरावा लागे. आपल्या मिरासदाराची आठवण यावी अशीच ही गोष्ट: सारा भरायचा, पण जमीन पिढीजात आपली. वारसाहक्कात मुलींनाही वाटा होता, मुलाच्या निम्मा.

ही बेटं स्कॉटलंडकडे गेली ती हुंड्यापायी. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. ठरलेल्या ६०,००० फ्लोरिनपैकी ५०,०००साठी त्याने १४६८ मध्ये ऑर्कनी गहाण टाकलं. उरलेल्या १०,०००पैकी जेमतेम २,००० जमले, तेव्हा १४६९ मध्ये शेटलंडही गेलं. गहाण कधी सुटलंच नाही. १६११ मध्ये तिथले ‘परकीय कायदे’ रद्द झाल्याचा हुकूम निघाला, पण जमिनीचा व्यवहार हुकमाने एका रात्रीत बदलत नाही.

खरी चुरस किनाऱ्यावर. उर्वरित स्कॉटलंडमध्ये भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा राजसत्तेचा मानतात, तर यूडल मालकाची हद्द थेट ओहोटीच्या पाण्यापर्यंत जाते. शेटलंडमधल्या लरविक बंदराच्या १९०३ च्या खटल्यात न्यायालयानेही ते मान्य केलं.

दुसऱ्या एका खटल्यात मात्र यूडल हरला. ४ जुलै १९५८ रोजी शेटलंडमधल्या सेंट निनियन्स आइलवर उत्खननात मदत करणाऱ्या एका शाळकरी मुलाला दगडी लादीखाली चांदीच्या २८ वस्तू सापडल्या. जमीन यूडल आहे, इथे राजा वरिष्ठ मालकच नाही, मग ठेव्यावर त्याचा हक्क कसा, असा युक्तिवाद झाला. १९६३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा हक्क सरंजामी मालकीतून नव्हे, राजाच्या विशेषाधिकारातून येतो. ठेवा एडिंबराच्या संग्रहालयात गेला.

२८ नोव्हेंबर २००४ रोजी स्कॉटलंडमधली सरंजामी जमीनधारणा कायद्याने संपली. वर कोणी सरंजामदार नसलेली मालकी तेव्हा कुठे सगळ्या स्कॉटलंडला मिळाली. यूडल जमिनीला ती पहिल्यापासूनच होती.