बंदीप्रत्यक्षीकरण

अटकेत किंवा स्थानबद्धतेत असलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करून तिला कोणत्या अधिकाराने डांबले आहे याचा खुलासा करावा, असा जो आदेश न्यायालय ताबेदाराला देते, त्यास बंदीप्रत्यक्षीकरण (हेबिअस कॉर्पस) म्हणतात. भारतात संविधानाच्या अनुच्छेद ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालय आणि अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालये हा प्राधिलेख काढतात. कोंडलेल्या माणसाला स्वतः अर्ज करणे बहुधा जमत नाही, म्हणून त्याच्या वतीने नातेवाईक वा मित्रही याचिका करू शकतो. बंदी दोषी की निर्दोष, हा येथे प्रश्नच नसतो.

आदेश देणाऱ्या न्यायाधीशाचे पदच सत्तेच्या मर्जीवर असेल, तर हा प्राधिलेख कागदावर राहतो. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने लादलेले सक्तीचे कर्ज कायदेशीर मानण्यास नकार देणारे सरन्यायाधीश रॅन्डॉल्फ क्रू यांना १६२६ मध्ये राजाने पदावरून दूर केले. पुढच्याच वर्षी, कर्ज न दिल्याबद्दल कैदेत पडलेल्या पाच नाइटांनी हा प्राधिलेख मागितला, तेव्हा ताबेदाराने ‘राजाची खास आज्ञा’ एवढेच कारण कळवले, आणि न्यायालयाने त्यांना जामिनावर सोडले नाही. १६७९ च्या कायद्याने प्राधिलेख नाकारणाऱ्या न्यायाधीशालाही ५०० पौंड दंड ठेवला. पण न्यायाधीशांचे पद राजाच्या लहरीतून सोडवणारी तरतूद १७०१ च्या कायद्याने केली.

भारतात याची कसोटी आणीबाणीत लागली. ‘मिसा’ (अंतर्गत सुरक्षा कायदा) या कायद्याखालील स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतात, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले, की पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे महान्यायवादी निरेन डे यांना आपल्या युक्तिवादाला धरून सांगावे लागले. सरकारी भूमिकेची याहून उघड कबुली शोधून सापडणार नाही. भिन्नमत देणारे खन्ना एकटेच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० (गुन्ह्यांच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबवता येणार नाही, असे ठरवले. जबलपूर निकाल मात्र २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात मोडीत निघाला. तो चुकीचा ठरवणारे निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातील न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र होत.