डॉक्टरांना न सांगितलेले उपचार

फॅमिली डॉक्टरांनी पाठदुखीवर दिलेल्या गोळ्या घ्यायच्या आणि त्यांच्याकडे चकार शब्द न काढता परस्पर ॲक्युपंक्चरही (सुया टोचून करायचा उपचार) करून घ्यायचं, ही रुग्णांची जुनी रीत. दोन्ही उपचारांच्या अशा जोडीला ‘एकात्मिक वैद्यक’ हे भारदस्त नाव नंतर आलं.

या गुपचूप प्रकाराचा हिशेब डेव्हिड आयझेनबर्ग या अमेरिकन डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी मांडला. १९९० साली त्यांनी अमेरिकेतल्या १,५३९ प्रौढांना फोनवर विचारलं. ३४ टक्के लोकांनी वर्षभरात एखादा तरी अपारंपरिक, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरी वैद्यकाबाहेरचा, उपचार केला होता. (त्यांच्या यादीत मसाजही होता, हे लक्षात घ्यावं.) मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो : असे उपचार घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरांच्या कानावरही घातलं नव्हतं. हे मौन महागात पडू शकतं. उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयव प्रत्यारोपणानंतर घ्यायच्या सायक्लोस्पोरिन या औषधाचा असर कमी करते.

लंडनमध्ये १९८७ साली एका चर्चच्या तळघरात मॅरिलबोन हेल्थ सेंटर सुरू झालं. तिथे सरकारी सेवेतले जनरल प्रॅक्टिशनर आणि पूरक उपचार करणारे एकाच छताखाली बसू लागले. मग गुण आला की नाही, हे ठरवायचं कुणी?

शार्लट पॅटरसन या डॉक्टरांनी १९९६ मध्ये ‘मायमॉप’ नावाचा छोटासा फॉर्म पुढे आणला. त्यात आजाराचं नाव छापलेलं नसतं. सगळ्यात जास्त छळणारी एक-दोन लक्षणं रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहायची, त्या त्रासामुळे अडलेलं एखादं काम लिहायचं, आणि गेल्या आठवड्यात ते किती जाणवलं याला ० ते ६ गुण द्यायचे. कुणी ‘जिना चढणं’ लिहील, कुणी ‘नातवाला उचलणं’. पुढच्या खेपेला त्याच शब्दांपुढे पुन्हा आकडा. चाचणीच्या रिपोर्टमध्ये जिना कधीच दिसत नाही.

आराम कशाने पडला, हे मात्र हा फॉर्म सांगू शकत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा पर्याय सुचवला आणि २०१६ मध्ये तो काढून टाकला. रुग्णांना बरं वाटत होतं, पण लुटुपुटीच्या सुया टोचलेल्यांनाही जवळजवळ तितकंच बरं वाटत होतं.