घसरणारे पापुद्रे आणि ईम्स जोडप्याची खुर्ची

फर्निचरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "प्लाय म्हणजे नुसता भुसा, सागवानच घ्या." भुसा आणि चुरा दाबून होतो तो पार्टिकल बोर्ड. प्लायवूड हे लाकूडच असतं, पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवलेलं. आणि ते वाकतं कसं, हे कळलं की त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

जाड फळी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि फळी तडकते. आता सगळे मिळून तेवढीच जाडी भरेल असे पाच सुटे पापुद्रे घ्या. वाकताना ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून ताण कमी. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एका पापुद्र्याचा ताठपणा १ धरला तर सुट्या पाचांचा ५. पण चिकटून एक झालेल्या पाचांचा ५×५×५, म्हणजे १२५. पंचवीसपट! (सगळ्यांचे तंतू एकाच दिशेला धरून. प्रत्यक्षात थर उभे-आडवे असतात, त्यामुळे पट कमी भरते. पण दमट हवेत लाकूड फुगणं त्यामुळेच आटोक्यात राहतं.) म्हणून गोंद ओला असताना वाकवायचं आणि साच्यातच तो पक्का होऊ द्यायचा. घसरणं थांबलं की आकार कायम.

याच युक्तीवर खुर्ची बनवली अमेरिकी डिझायनर चार्ल्स ईम्स आणि त्याची बायको रे यांनी. त्यांचं लग्न १९४१ मधलं. लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या घरात त्यांनी प्लॅस्टरचा साचा, विजेच्या तारांची उष्णता आणि सायकलच्या पंपाने फुगणारी पिशवी जोडून प्लायवूड वाकवायचं यंत्र बनवलं. नाव ठेवलं 'कझाम'.

अडचण होती दोन दिशांच्या वाकाची. चेंडूभोवती कागद गुंडाळून पाहा, सुरकुत्या पडतातच. लाकूड सुरकुतत नाही, फाटतं. अमेरिकी नौदलासाठी मोडलेल्या पायाला बांधायच्या प्लायवूडच्या खपच्या बनवताना त्यांनी ताण साचतो तिथे फटीच ठेवल्या. पट्टी ओवायलाही त्या कामाला आल्या. अशा सुमारे दीड लाख खपच्या तयार झाल्या.

खुर्चीतही हीच अक्कल वापरली. बैठक आणि पाठ एकसंध वाकवण्याचा हट्ट सोडून दोन वेगळे तुकडे केले आणि जोडाला रबराच्या चकत्या दिल्या. ही खुर्ची १९४६ मध्ये बाजारात आली. रे मुळात चित्रकार. तरी कित्येक वर्षं श्रेय एकट्या चार्ल्सला मिळत राहिलं, हे मला खटकतं.

हल्ली 'पाठदुखी घालवणाऱ्या' खुर्च्यांच्या जाहिराती दिसतात. तासन्‌तास हललंच नाही तर कुठल्याही खुर्चीत पाठ अवघडते. ईम्स यांच्या खुर्चीत मागे रेललं की रबर किंचित दबतं आणि पाठीची फळी तेवढीच मागे झुकते.