पानाची पाठ दाखवा

"दादा, हे काय आलंय? काय फवारू?" ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा फोटो दिवसाआड पडतो. टळटळीत उन्हात उभ्याउभ्या काढलेला, पानावर पिवळट डाग. खाली उत्तरांची रांग: डाऊनी, भुरी, करपा. एखादा म्हणतो, नजर लागली. (बागेच्या तोंडाशी जुनी चप्पल टांगून रोग थांबला असता, तर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण कोणी ढवळलं असतं?) मलाही त्या फोटोवरून काही सांगता येत नाही, कारण पान सुलटं आहे.

डाऊनी, म्हणजे केवडा रोग. तिला आपण बुरशी म्हणतो, पण नात्याने ती समुद्रातल्या तपकिरी शैवालांच्या जवळची. पान ओलं झालं की तिच्या बीजाणुधानीतून, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या पिशवीतून, दोन-दोन शेपट्यांचे बीजाणू सुटतात आणि चक्क पोहत पर्णरंध्र, म्हणजे पानाचं श्वासाचं बारीक छिद्र, गाठतात. द्राक्षाच्या पानाची रंध्रं असतात खालच्या अंगाला. तिथे शेपट्या गळतात, बीजाणू कवच धरतो आणि एक बारीक नळी रंध्रातून आत घुसते. आत पेशींच्या फटींतून धागे पसरतात, हिरवेपणा जातो, म्हणून वरून तेलकट डाग. मग एखाद्या दमट रात्री, अंधारात, त्याच रंध्रांतून फांद्या फुटलेले देठ बाहेर येतात आणि टोकांवर नव्या बीजाणुधान्या धरतात. पानाच्या पाठीवर दिसतो तो पांढरा कापूस हाच. म्हणजे पुरावा असतो पाठीवर आणि फोटो येतो पोटाचा!

भुरीचं तसं नाही. ती पानावरच राहते, फक्त वरच्या थरातल्या पेशींतून रस ओढते. तिची पूड वरच्या बाजूलाही दिसते, बोटाने पुसली जाते. भुरीवर गंधक चालतं. केवड्यावर तेच मारलं तर पैसे पाण्यात.

"ॲप सांगेल की" म्हणणाऱ्यांसाठी: 2016 साली 54,306 फोटोंवर शिकवलेल्या एका संगणक-प्रणालीने 99 टक्क्यांहून जास्त रोग बरोबर ओळखले. ते फोटो साध्या पार्श्वभूमीवर एकेक पान ठेवून काढलेले होते. इंटरनेटवरून घेतलेले वेगळे फोटो दिल्यावर आकडा सुमारे 31 टक्क्यांवर आला.

तेव्हा सकाळीच काढा. एक फोटो पान सूर्याकडे धरून, एक पाठीचा, जवळून, शेजारी रुपयाचं नाणं. पाठ कोरी दिसली तर पान ओल्या कागदासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर अंधारात ठेवा. डाग ताजा असेल आणि डाऊनी असेल, तर सकाळी त्याच जागी कापूस उगवलेला दिसेल. तो फोटो पाठवा.