कोकण किनाऱ्यावरील राजचिन्हे

कोकण किनाऱ्यावरील राजचिन्हे : वसईपासून मालवणपर्यंतच्या किल्ल्यांवर, समाधिशिळांवर आणि जुन्या कागदपत्रांच्या शिक्क्यांत आढळणारी सत्तेची, घराण्याची किंवा संस्थेची खूण. अशा खुणांचे दोन अगदी वेगळे प्रघात या किनाऱ्यावर शेजारी-शेजारी नांदले. एकीकडे पोर्तुगीजांची ढालीवरची कुलचिन्हे, दुसरीकडे दख्खनी द्वारशिल्पे आणि अक्षरमुद्रा. पहिल्यांचे अर्थ बरेचसे ठरलेले आहेत. दुसऱ्यांचे तसे नाहीत, आणि ते ठरलेलेच असावेत हा आग्रह धरल्यामुळे बराच घोटाळा झाला आहे.

पोर्तुगीजांना वसई १५३४ च्या तहाने मिळाली. चिमाजी आप्पांनी ती १७३९ मध्ये घेतली. चौल-रेवदंड्यात पोर्तुगीज वसईच्याही आधी, १५२१ च्या सुमारास पाय रोवून होते. वसईच्या बालेकिल्ल्याच्या प्रवेशद्वारावर आणि रेवदंड्याच्या वेशीवर त्यांची राजचिन्हे आजही दिसतात. मधल्या ढालीत पाच लहान ढाली क्रुसाच्या आकारात मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर पाच ठिपके. परंपरा सांगते की, या पाच ढाली म्हणजे ११३९ च्या ओरिकच्या लढाईत पराभूत केलेले पाच मूर (मुसलमान) राजे आणि ठिपके म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा. इतिहासकार या कथेला उत्तरकालीन मानतात, पण चिन्ह वाचण्याची रीत तीच राहिली. भोवतालच्या कडेत किल्ले असतात. त्यांची संख्या आधी कमी-जास्त होत असे, सात हा आकडा पुढे रूढ झाला. शेजारचा कड्यांचा गोल हे ग्रहगती दाखवणारे यंत्र. ते मुळात राजा मॅन्युएल पहिला (राज्यकाल १४९५–१५२१) याचे वैयक्तिक चिन्ह होते. पुढे ते दर्यावर्दी साम्राज्याचीच खूण बनले आणि आजच्या पोर्तुगालच्या झेंड्यावरही आहे. वसईच्या चर्चमधील समाधिशिळांवर खासगी घराण्यांची चिन्हेही कोरलेली आढळतात. दगडावर रंग नसल्याने ती ओळखणे मात्र जिकिरीचे होते, कारण युरोपीय पद्धतीत चिन्हाइतकाच त्याचा रंगही घराणे सांगत असतो.

जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजाजवळ वाघासारखा एक पशू हत्तींना पंजांत धरून उभा आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने आलेल्या पर्यटकांना वाटाडे सांगतात की, पशू म्हणजे सिद्दी आणि हत्ती म्हणजे त्याने नमवलेल्या सत्ता. गोष्ट रंगते, पण तेवढ्यावर ते सिद्दीचे कुलचिन्ह ठरत नाही. हत्तीला वरचढ ठरणारा हा पशू, म्हणजे शरभ, दख्खनच्या अनेक किल्ल्यांवर आहे. सिद्दीशी हाडवैर असलेल्या मराठ्यांच्या रायगडावरही तो आहे. शैव पुराणांत शरभ हे नृसिंहाला आवरण्यासाठी शिवाने घेतलेले रूप. मुसलमान राजवटींच्या वेशींवर तो बळाची खूण म्हणून निर्वेध राहिला. विदर्भातल्या गाविलगडावर त्याच वृत्तीचा दुतोंडी काल्पनिक पक्षी, गंडभेरुंड, दिसतो. शत्रू आणि मित्र दोघेही जे चिन्ह वापरतात, ते घराण्याचे नाव सांगू शकत नाही. ते एवढेच सांगते की, येथे सत्ता आहे, जपून आत या. सुवर्णदुर्गाच्या दरवाजापाशी कोरलेले कासव व मारुती यांचे कामही राखणीचेच. रायगडाच्या महादरवाजावरील दोन कमळांचा अर्थ ‘आत श्री आणि सरस्वती नांदतात’ असा सांगितला जातो.

नाव सांगण्याचे काम मुद्रेकडे होते. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी. तीत पशू नाही, ढाल नाही, फक्त ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ ने सुरू होणारा संस्कृत श्लोक. चंद्रकोर आहे ती उपमेत. युरोपातल्या कारागिराने तीच ढालीवर कोरली असती! पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असे, म्हणजे त्यापुढे कोणी काही घुसडू नये. आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या शिक्क्यातही धनी, वडील आणि स्वतः अशी नावे गुंफलेली आहेत.

विद्यापीठांच्या बोधचिन्हांत ढाल आणि खाली ब्रीदाची पट्टी हा साचा ब्रिटिशांमुळे आला. १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे ब्रीद मात्र संस्कृत आहे : ‘शीलवृत्तफला विद्या’. विद्येचे फळ शील व सदाचरण, असा त्याचा आशय. आकृती एका परंपरेची आणि वचन दुसरीचे, अशी ही जोडणी देशभरच्या शिक्षणसंस्थांत रुळली. महाराजांच्या मुद्रेशी तिचे नाते तुटत नाही, कारण आपल्याकडे आजही बोधचिन्हात लोक आधी शब्दच वाचतात.

अलीकडे हा प्रवाह उलटा वळला. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाच्या निशाणावरून सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस गेला आणि शिवमुद्रेवरून घेतलेली दुहेरी सोनेरी कडेची अष्टकोनी ढाल आली. तीत राष्ट्रचिन्ह, नांगर व ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद आहे. आठ बाजू म्हणजे आठ दिशा, असे नौदलाचे स्पष्टीकरण. मूळ श्लोकात दिशांचा उल्लेख नाही. हा अर्थ नव्याने जोडलेला आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्गात झालेल्या नौदल दिनी ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पदचिन्हांतही शिवमुद्रेची छाप आणण्याची घोषणा झाली.