हजार हॉर्सपॉवर आणि तेच जुनं लायसन्स: थोडी पार्श्वभूमी

एखाद्या भारी स्पोर्ट्स कारचा ॲक्सिडेंट झाला की चर्चा दोनच गोष्टींवर होते, स्पीड किती होता आणि चालवत कोण होतं. मला तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे जो चालवत होता त्याला तसली गाडी चालवायला कधी कोणी शिकवलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं, आणि ह्यात सगळा दोष त्याचा एकट्याचाही नाहीये, कारण गेली सव्वाशे वर्षं गाड्यांची ताकद वाढतच गेली आणि चालवणाऱ्याची परीक्षा मात्र जवळपास होती तिथेच राहिली.

मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद अशी रेस निघाली, उघड्या रस्त्यावरून, दोन्ही बाजूंना लोक उभे, ब्रेक म्हणजे नावालाच, आणि तरी पुढच्या गाड्या ताशी १०० किलोमीटरच्या वर पळत होत्या. पहिल्याच दिवशी इतके अपघात झाले की फ्रेंच सरकारने रेस वाटेतल्या बोर्दोलाच थांबवली. मेलेल्यांमध्ये मार्सेल रेनो होता, रेनो कंपनी काढणाऱ्या भावांपैकी एक, म्हणजे अडाणी माणूस नव्हे, गाड्या बनवणारा आणि रेस जिंकलेला माणूस. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लायसन्सचा कायदा झाला, पण ते लायसन्स पैसे भरले की मिळायचं, परीक्षा वगैरे काही नाही. १९३४ मध्ये तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली, तेव्हा कुठे जून १९३५ पासून नवीन लायसन्ससाठी ड्रायव्हिंग टेस्ट सक्तीची झाली. टेस्टमध्ये काय बघायचे, तर गाडी नीट निघते का, वळते का, रिव्हर्स येते का, थांबते का. त्या काळच्या साध्या गाड्यांसाठी ते पुरेसं होतं, त्यात चूक काही नव्हती. चूक पुढे झाली, गाड्या बदलत गेल्या तरी जवळपास सगळ्या जगात टेस्टचा गाभा तोच राहिला.

१९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल घ्या, ती पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची. रेसिंगच्या गाडीवरून बनवलेली, २१५ हॉर्सपॉवर, त्या काळात अफाट. तिच्या मागच्या ॲक्सलची रचना अशी होती की वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला किंवा ब्रेक दाबला की मागचं चाक तिरकं होऊन ग्रिप सोडायचं. कंपनीलाही हे दिसलं असणार, कारण १९५७ च्या रोडस्टरमध्ये तो ॲक्सल बदलला. पण ज्यांच्याकडे जुनी गाडी होती त्यांना तीच सांभाळून चालवायची होती.

पोर्शे ९११ ची गोष्ट तर ह्या विषयात सगळ्यात जास्त शिकवणारी आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे वजन सगळं शेपटाकडे. सुरुवातीच्या काही गाड्यांत तर पुढचा भाग जड करायला बंपरमध्ये लोखंडी वजनं टाकायची वेळ आली, आणि मग १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं, फक्त शेपूट शांत राहावी म्हणून. आणि मग १९७५ मध्ये त्याच गाडीला टर्बो बसवला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. ३ लिटर, २६० हॉर्सपॉवर, चारच गिअर. आजच्या हिशोबात २६० काहीच वाटत नाही, पण हिचं नाव विडोमेकर, म्हणजे बायकांना विधवा करणारी, असं पडलं, ते का पडलं हे जरा जवळून बघू.

वळणाच्या मधोमध तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. काहीच होत नाही, कारण टर्बोला प्रेशर धरायला वेळ लागतो. तुम्हाला वाटतं कमी पडलं, म्हणून अजून दाबता. आता सेकंद-दीड सेकंदाने सगळी ताकद एकदम येते, गाडी अजून वळणातच आहे, मागचे टायर सुटायला लागतात. इथे माणूस काय करतो? घाबरून पाय उचलतो, जगातला कोणीही हेच करेल, साध्या गाडीत हे बरोबरही ठरतं. पण पाय उचलला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात, होती नव्हती ती ग्रिपही जाते आणि जड इंजिनवाला मागचा भाग बाहेर फेकला जातो. मग स्टिअरिंग उलटं फिरवायचं, तेही लगेच आणि नेमकं तेवढंच, उशीर झाला तर गाडी गोल फिरते आणि जास्त फिरवलं तर ग्रिप परत आल्यावर गाडी झटक्यात दुसऱ्या बाजूला जाते, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. आधी सराव केलेला नसेल तर त्या दोन-तीन सेकंदांत कोणालाही हे सुचत नाही, कितीही हुशार असो.

मुळात प्रत्येक टायरचा रस्त्याला लागलेला भाग तळहाताएवढा असतो, आणि तेवढ्यातूनच वळणं, थांबणं, पळणं सगळं भागवायचं. वळण्यात सगळी ग्रिप खर्च झाली असेल तर ॲक्सिलरेटरसाठी काही उरत नाही. टायर थंड असले, रस्ता ओला असला की अजून कमी, आणि भारी गाड्यांचे रेसिंगच्या जवळ जाणारे टायर तर थंडीत आणि पाण्यात साध्या टायरपेक्षाही वाईट वागतात, हे विकत घेणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. स्पीड दुप्पट केला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, ताशी २०० ला गाडी एका सेकंदात ५५ मीटर जाते.

१९८० च्या दशकातल्या ग्रुप बी रॅलीचा, म्हणजे फारशी बंधनं नसलेल्या अफाट ताकदीच्या गाड्यांच्या रॅलीचा, उल्लेख इथे करायलाच हवा. मे १९८६ मध्ये कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो लान्चिया डेल्टा एस४ च्या अपघातात गेले. गाडीत सुमारे ५०० हॉर्सपॉवर होती. तोइवोनेन तेव्हाच्या जगातल्या सर्वात वेगवान ड्रायव्हरांपैकी होता. त्यानंतर लगेच ह्या गाड्यांवर पुढच्या वर्षापासून बंदी ठरली, कारण सगळ्यांना मान्य झालं की हे प्रकरण हाताबाहेर गेलंय. आणि आज ५०० हॉर्सपॉवरची फॅमिली गाडी शोरूममधून कोणीही घेऊन जाऊ शकतो! आजची गाडी जड आहे, मजबूत आहे, तिचे ब्रेक-टायर चांगले आहेत, हे सगळं मान्य. पण घेणारा तोइवोनेन नाहीये.

मग एवढे सगळे लोक वाचतात कसे, तर इलेक्ट्रॉनिक्समुळे. १९७८ मध्ये बॉशचं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं, १९९५ मध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल आलं. स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणजे गाडी घसरायला लागली की कॉम्प्युटर एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सरळ करतो, माणसाला कळायच्या आत. १९९८ ला आलेल्या ऑडी टीटीचे सुरुवातीला ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या हायवेवर, जीवघेणे अपघात झाले, नंतर कंपनीला गाड्या परत बोलावून स्टॅबिलिटी कंट्रोल आणि मागे स्पॉयलर (हवेच्या जोराने मागचा भाग दाबून ठेवणारी पट्टी) बसवायला लागला. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरपासून सगळ्या नवीन कार्समध्ये हे सक्तीचं आहे, आणि एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात ह्याने जवळपास निम्म्याने कमी होतात असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय. एवढा फायदा दुसऱ्या कशाने क्वचितच झाला असेल.

पण माझी काळजी इथेच सुरू होते. जुन्या टर्बोमध्ये बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळायचं की आपल्याला ही झेपत नाहीये. आजच्या गाडीत ते कळतच नाही. शंभर वेळा कॉम्प्युटरने वाचवलेलं असतं आणि माणसाला वाटतं आपण भारी चालवतो. मग एक दिवस मित्र बाजूला बसलेले असतात आणि तो बटण दाबून सिस्टीम बंद करतो. २००४ च्या फेरारी एफ४३० पासून तर स्टिअरिंगवरच फिरवायची कळ आली, बोटाने फिरवली की एकेक मदत कमी होत जाते. ट्रॅकवर, शिकलेल्या माणसासाठी हे ठीकच आहे. गर्दीतून बाहेर पडताना, थंड टायरवर, रस्त्याच्या कडेला लोक मोबाईल धरून उभे असताना कोणी हे करत असेल तर मला त्याचा खरंच राग येतो, कारण शेपूट सुटली की गाडी त्याच लोकांत घुसते.

आणि अनुभव असला म्हणजे झालं असंही नाही. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला, गाडी मित्र चालवत होता आणि त्याला रेसिंगचा अनुभव होता. ६०० च्या वर हॉर्सपॉवर, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ताकद दिल्यावर चाकं जागीच फिरू न देणारी यंत्रणा) होतं पण स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. तपासात स्पीड ताशी साधारण १३० ते १५० किलोमीटर निघाला, लिमिट ७२ ची, आणि टायर नऊ वर्षं जुने होते. गाडी सर्किटवरची असो की घरची, जुन्या रबराची ग्रिप कमीच होते.

मोटरसायकलवाल्यांच्या बाबतीत हे सगळं कधीच मान्य झालंय. युरोपात २०१३ पासून ए१ लायसन्सवर ११ किलोवॅटपर्यंत (१ किलोवॅट म्हणजे साधारण १.३४ हॉर्सपॉवर), ए२ वर ३५ पर्यंत, आणि मोठी बाईक त्यानंतरच, तीही वय आणि अनुभव बघून. कारला मात्र हा न्याय अगदी मोजक्या ठिकाणी लागला. इटलीत नवीन लायसन्सवाल्यांना ताकदीची मर्यादा आहे, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियामध्ये नवशिक्यांना टनामागे १३० किलोवॅटच्या वरची गाडी चालवता येत नाही. सगळ्यात पुढे साउथ ऑस्ट्रेलिया गेलं. २०१९ मध्ये ॲडलेडला लॅम्बोर्गिनीखाली एक १५ वर्षांची मुलगी गेली, त्यानंतर मागणी लावून धरली गेली, आणि डिसेंबर २०२४ पासून तिथे टनामागे २७६ किलोवॅट किंवा जास्त ताकदीच्या गाडीला लायसन्सवर यू क्लास, म्हणजे अतिताकदवान गाड्यांसाठीची वेगळी परवानगी, लागतो, मग तुम्ही वीस वर्षं गाडी चालवत असलात तरी.

दिशा बरोबर आहे, पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे त्यासाठीचा कोर्स ऑनलाइन आहे, ओल्या ट्रॅकवर गाडी घसरवून परत सांभाळायला त्यात कोणी लावत नाही. दुसरं, इलेक्ट्रिक गाड्या. २०२० ची पोर्शे टायकान टर्बो एस ५६० किलोवॅटची, ० ते १०० फक्त २.८ सेकंदांत, नावात टर्बो असला तरी जुन्या टर्बोसारखी वाट बघणंही नाही, पाय ठेवला की चाकं फिरवणारा सगळा जोर (टॉर्क) हजर. पण बॅटरीमुळे वजन २.३ टन, म्हणजे टनामागे हिशोब येतो साधारण २४३ आणि ही गाडी त्या रेषेच्या खालीच राहते. वजन जास्त म्हणून नियमातून सुटली, आणि धडकली तर तेच जास्तीचं वजन समोरच्याला सोसायचंय. त्यामुळे नुसता भागाकार न बघता ० ते १०० चा वेळही मोजा आणि कोर्स गाडीत बसवून घ्या, एवढी दुरुस्ती तरी व्हायला पाहिजे असं मला वाटतं.