शेतजमिनीची घट आणि तरुण शेतकरी (महाराष्ट्र)

पेरणीखालची जमीन शेतीच्या हातून जाणे, याला शेतजमिनीची घट म्हणतात. महाराष्ट्रात जमीन चार वाटांनी जाते. वाटण्या होऊन ती कसता येणार नाही इतकी लहान होते, प्लॉट, कारखाने आणि रस्त्यांखाली जाते, कसायला कोणी नसल्याने पड राहते किंवा जागच्या जागी खारावून आणि धुपून नापीक होते. तरुण शेतीत का येत नाहीत याचे उत्तर बहुधा शेतमालाचा भाव आणि पाऊस यांत शोधले जाते. ती कारणे खरीच आहेत. पण त्यांच्याही आधीची अडचण जमिनीच्या कागदाची आणि आकाराची असते, आणि तिची चर्चा फार कमी होते.

कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये राज्यात ४९.५१ लाख वहिती खाती होती आणि खात्यामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये खाती १५२.८५ लाख झाली आणि सरासरी १.३४ हेक्टरवर आली. देशाची सरासरी याच काळात २.२८ वरून १.०८ हेक्टरवर घसरली. हे आकडे नीट वाचायला हवेत. खात्यांखालचे एकूण क्षेत्र सुमारे २१२ लाख हेक्टरांवरून २०५ लाखांवर आले, म्हणजे तीन-साडेतीन टक्क्यांनी घटले. खाती मात्र तिपटीहून जास्त झाली. कागदावर जमीन बरीचशी शिल्लक आहे, पण तिचा तुकडा एक तृतीयांशावर आला आहे.

वाटणी आणि पट्ट्या

एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब-रुंद चौकोन, १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. वाटणीत क्षेत्र समान करणे सोपे असते, खरी अडचण तुकड्याच्या आकाराची होते. प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवे असते आणि विहिरीकडे जायला वाट हवी असते, म्हणून शेत उभे चिरले जाते. रस्त्याला ६० मीटर आणि आत २०० मीटर असे सुमारे तीन एकरांचे शेत चार भावांत वाटले की प्रत्येकाला १५ मीटर रुंदीची पट्टी येते. पुढच्या पिढीत तीन मुलगे असतील तर पट्टी पाच मीटरची होते. अर्धा मीटर बांधात गेला की दहावा हिस्सा जमीन पिकाबाहेर जाते.

पाच मीटरच्या पट्टीत ट्रॅक्टर आडवा वळत नाही, त्यामुळे नांगरट लांबीनेच करावी लागते. उतार लांबीच्या दिशेने असला तर नांगराचे तास पावसात नाल्यासारखे वाहतात आणि वरची माती घेऊन जातात. उताराला आडवी मशागत करा, हा मृदसंधारणाचा पहिला धडा. पट्टीच्या शेतात तो पाळता येत नाही. शिवाय विहीर सामाईक राहते, वीजजोड एकाच्या नावावर असतो आणि पाण्याची पाळी दिवसांवर ठरते. आठवड्यातून दीड दिवस पाणी आणि त्यातही विजेचे वेळापत्रक, अशा स्थितीत भाजीपाला किंवा फुलांसारखे रोजच्या निगराणीचे पीक घेण्याची हिंमत होत नाही.

हे थांबवण्यासाठी १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आहे. त्यातल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचा व्यवहार कायद्याने होत नाही. पूर्वी हे क्षेत्र तालुक्यागणिक वेगळे असे. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवण्यात आले. कायद्याने कागदावरची वाटणी अडते, घरातली अडत नाही. भाऊ तोंडी किंवा साध्या स्टॅम्पपेपरवर वाटून घेतात, सातबारा सामाईकच राहतो, आणि तंटा पुढच्या पिढीच्या वाट्याला येतो.

नाव नसलेला शेतकरी

अनेक सातबाऱ्यांवर आजही ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव असते. काही ठिकाणी वारलेल्या आजोबांचेच नाव चालू असते. पंचविशीतला नातू नांगरतो, पेरतो, फवारतो, पण बँकेच्या दृष्टीने तो शेतकरी नसतो. पीककर्ज, ठिबकचे अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळे खातेदारालाच मिळते. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपयेसुद्धा १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असलेल्यांसाठी ठरले. त्यानंतर मुख्यतः वारसाने नाव लागलेल्यांनाच त्यात वाट आहे.

वारस नोंदीची रीत अशी. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे आणि नाती सांगणारे प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ जोडून तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवणे जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार बंधनकारक आहे. मग वारस नोंदवहीत आणि फेरफारात नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत १५ दिवसांची असते, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. अडते ते बहुधा एका ठिकाणी: बहिणींची नावे गाळून अर्ज केला जातो आणि हरकत येते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची घाई घरोघर होते. शेतीत तरुण हवेत म्हणताना कसू इच्छिणारी लेक या एका सहीने शेतीबाहेर जाते, आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

वारस लागल्यानंतरचा टप्पा वाटपाचा. सर्व सहधारकांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप होते; नंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्यावी लागते. मोजणी टाळली तर नावे वेगळी आणि बांध मात्र अंदाजाने, अशी स्थिती राहते. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या वहिवाटीत किमान १२ वर्षे असेल तर २०२३ पासूनच्या सलोखा योजनेत मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी शुल्क १,००० रुपयांत अदलाबदल करता येते. मृतांची नावे काढून वारस लावण्यासाठी २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीमही राबवली गेली. तरुणांसाठीच्या मेळाव्यांपेक्षा या मोहिमेचा उपयोग अधिक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

प्लॉटिंग, रस्ते, संपादन

बिगरशेती परवान्याला बोलीत ‘एन.ए.’ म्हणतात. विकास आराखड्यातल्या क्षेत्रात आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत संहितेच्या कलम ४२-ब ते ४२-ड मुळे ही वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. परवाना न घेता होणारे प्लॉटिंग वेगळे. एजंट शेतकऱ्याकडून इसार पावती, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो, मुरूम टाकून रस्ते आखतो आणि एक-दोन गुंठे विकतो. तुकडेबंदीतून सुटायला आठ-दहा गिऱ्हाइकांच्या नावे मिळून प्रमाणभूत क्षेत्राएवढे एकच खरेदीखत होते आणि सातबाऱ्यावर सगळे सामाईक लागतात. पुढे वाट, पाणी, कर्ज, विक्री, सगळ्याला प्रत्येकाची सही लागते. अशी गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आला. त्याची मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. तुकडा नियमित करण्याचे शुल्कही २०२४ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले. घर बांधून बसलेल्या गरिबाला यातून दिलासा मिळाला. पण प्रत्येक मुदतवाढीबरोबर एजंटाचाही धीर वाढतो.

प्लॉट पडलेल्या शेतापेक्षा शेजारच्या शेताचे नुकसान लवकर दिसते. कुंपणाच्या भिंतीने चारी अडते आणि वरच्या रानात पाणी साचते. पाणंद बंद होते. बोअर वाढून विहिरीची पातळी उतरते. जमिनीचा भाव पिकाच्या उत्पन्नातून कधीही फिटणार नाही इतका चढतो, त्यामुळे शेती वाढवू पाहणारा तरुण खरेदीच्या शर्यतीतून बाद होतो. वाट अडवली असेल तर मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो. हद्दीवरून नवा रस्ता हवा असेल तर संहितेचे कलम १४३ लागते. बहुतेक जण ही सहा महिन्यांची मुदत चुकवतात.

संपादनाची झळ मोठी आणि एकाच वेळी बसते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. १२० मीटरचा पट्टा धरला तरी ८,४०० हेक्टर होतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम १० बहुपिकी बागायती जमीन अपवादात्मक परिस्थितीतच घ्यावी असे सांगते. मोबदला मिळतो, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कसणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या आणि १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली. मालकी टिकली हे मोठेच यश. शेती मात्र तिथेही संपली.

पड जमीन आणि खंडाची भीती

शहरात गेलेल्याची जमीन पड राहते आणि गावातल्या भूमिहीन तरुणाला ती मिळत नाही, याचे मूळ कूळकायद्याच्या आठवणीत आहे. १९४८ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळे मालक झाली. तो न्यायच होता. पण तेव्हापासून लेखी खंडाने, म्हणजे भाड्याने, जमीन द्यायला मालक घाबरतो. म्हणून अर्धेली, बटई, ठोका, मक्ता असे तोंडी करार वर्षावर्षाला बदलतात. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे असेल की नाही हे माहीत नसलेला माणूस शेणखत टाकत नाही, ठिबक बसवत नाही. कसणाऱ्याला कर्ज-विम्याचा आधार आणि मालकाला मालकीची हमी देणारा आदर्श भाडेपट्टा कायदा नीती आयोगाने २०१६ मध्ये मांडला आहे.

खारावलेली जमीन

सांगली-कोल्हापूरच्या कृष्णा-पंचगंगाकाठी, विशेषतः शिरोळ भागात, उसाला वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिल्याने काळ्या जमिनी खारावल्या. माती परीक्षणात विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त, सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. उपाय वेगवेगळे आहेत. क्षारयुक्त जमिनीत सुमारे एक ते सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाइप पुरून निचरा करतात आणि पाण्याने क्षार धुऊन काढतात. चोपण जमिनीला माती परीक्षणानुसार जिप्सम लागते. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणे ही नेहमीची चूक. सुटलेला सोडियम जायला वाट नसते आणि पैसा मातीत जातो. पाइपाचे तोंड नाल्यापर्यंत न्यावे लागते, त्यासाठी मधल्या सगळ्या खातेदारांची संमती लागते, आणि वाटणीच्या पट्ट्यांत एक जण अडला तरी काम अडते.

तरुण टिकतात कुठे

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००३ च्या फेरीत सुमारे ४० टक्के शेतकऱ्यांनी पर्याय असता तर शेती सोडली असती, असे सांगितले. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. शेतकरी नवरा नको, हे दुःख त्या दिवशी रस्त्यावर मोकळेपणाने दिसले. हिशोबही नकार देणाऱ्यांच्या बाजूचा आहे. दोन एकर सोयाबीन, एकरी आठ क्विंटल, २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये. म्हणजे सगळे मिळून ७८,२७२ रुपये, त्यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि मळणी जायची. बाजारात हमीभाव मिळाला तरची ही गोष्ट.

म्हणून लहान तुकड्यावर महिन्याला पैसा फिरवणारे धंदे टिकतात. मराठवाड्यातली रेशीम शेती हे त्याचे चांगले उदाहरण. एका एकरात ५×३×२ फूट जोडओळ पद्धतीने सुमारे ५,४४५ तुतीची झाडे बसतात. जून-जुलैत रोपे लावली की पाच-सहा महिन्यांनी पहिली बॅच घेता येते. अळी अंड्यातून बाहेर आल्यापासून कोषापर्यंत २५ ते २८ दिवस लागतात. पहिले दहा दिवस चॉकी केंद्रात, म्हणजे बाल अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रात, काढलेल्या अळ्या घेतल्या तर मर कमी होते. १०० अंडीपुंजांना (एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज) ६० ते ७० किलो कोष मिळाले तर बॅच चांगली. २०१८ पासून जालन्यात कोषबाजार सुरू झाल्याने दर वेळी कर्नाटकात रामनगरला जाण्याची गरज उरली नाही. फसते ते तीन कारणांनी: शेजारच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्याने तुतीवर येते, उन्हाळ्यात शेडचे तापमान २८ अंशांच्या वर जाते, किंवा दोन बॅचांमध्ये शेडचे निर्जंतुकीकरण अर्धवट राहते. लागवड करताना वाऱ्याची दिशा आणि शेजारचे पीक पाहावे ते यासाठीच.

शिकलेल्यांसाठी केंद्राची कृषी चिकित्सालय योजना २००२ पासून आहे: ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण, २० लाखांपर्यंत कर्ज, सर्वसाधारण गटाला ३६ आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान. कृषी विज्ञान केंद्रांमधून २०१५-१६ पासून ‘आर्या’ हा तरुणांसाठीचा उपक्रम चालतो. दोन्हींतून प्रशिक्षण भरपूर मिळते, जमीन मिळत नाही.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने उलट क्रम धरला. सुमारे ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावात १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे झाली, शेतीसाठी बोअर बंद केले गेले आणि गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही, असे ग्रामसभेने ठरवले. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली, कारण परतण्याजोगी जमीन आणि विहिरीला पाणी, दोन्ही शिल्लक होते.

गोव्याने हीच गोष्ट कायद्याने केली. २०२३ च्या कायद्यानुसार भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला हस्तांतरित करता येत नाही. विक्री थांबली तरी खाजन शेतीला, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेतीला, माणसे लागतातच. खाडीचे पाणी अडवणारा बांध आणि भरती-ओहोटीला उघडझाप करणारी मानस (पाण्याचे दार) सगळ्यांची मिळून असते. काहींनी शेत पड टाकले की बांधाची डागडुजी राहते, आणि तो एका ठिकाणी फुटला की खारे पाणी कसणाऱ्यांच्याही भातात शिरते. पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत तिथे पुन्हा पेरता येत नाही.